समाजाचं वार्षिक जेवण: यंदा बोलायला कोणाला बोलवायचं?

पेणकर_लेक
नमस्कार मंडळी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी सांगते, मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. माहेर पेणकडचं, सासर ठाण्याचं. आमच्याकडची ओळखीची बरीच घरं मिळून दरवर्षी हनुक्काच्या (आमचा दिव्यांचा सण) दिवसांत एका रविवारी समाजाचं जेवण ठेवतो. डिसेंबरात इस्रायलहून मामा-मावश्या, आत्या सगळे आलेले असतात त्यामुळे हॉल भरतो, पोरांचा गोंधळ असतो, आणि जेवणाआधी दोन-तीन पाहुणे बोलतात.

यंदा वक्ते ठरवायचं काम माझ्याकडे आलंय म्हणून हा धागा. आमच्यात दोन मतं पडलीत. काहींचं म्हणणं बाहेरून एखादा नावाजलेला मोटिव्हेशनल स्पीकर आणू, मानधन देऊ, पोरांना काहीतरी मिळेल. मला ते अजिबात पटत नाहीये. माझं म्हणणं की कोकणात ज्या जुन्या मशिदी आहेत (आमच्याकडे सिनेगॉगला घरात मशीदच म्हणतात), अलिबागची १८४८ ची, रेवदंड्याची, तिथल्या गावांतून समाज उठून गेला तरी जी चार-दोन माणसं तिथे राहून झाडलोट करतात, दिवा लावतात, आलेल्या-गेलेल्याला दार उघडून देतात, त्यांना बोलवा. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमले तरच सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) बाहेर काढून वाचता येतो, आणि या ठिकाणी ते दहा सणालाच कसेबसे जमतात, तेही मुंबई-ठाण्याहून गाड्या करून गेले तर. बाकी वर्षभर ती माणसं एकटीच. ती कशासाठी थांबली हे पोरांनी त्यांच्या तोंडून ऐकायला नको का?

मागे एकदा असंच एक आजोबा बोलले होते. त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता गावात. आपल्याला सगळ्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात शनिवार तेली म्हणायचे ते यामुळेच, शनिवारी घाणा बंद. आजोबांनी सांगितलं की शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल सोडायचे, घाण्यात तीळ अर्धे पिळलेले असले तरी सोडायचे, आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी रविवारी ये म्हणून सांगायचे. नुकसान व्हायचं. पण पिढ्यानपिढ्या ना हिब्रू वाचता येत होतं ना ग्रंथ हाताशी होता, तरी एवढं एक सोडलं नाही. ते ऐकताना मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं मोबाईल खाली ठेवून बसली होती, नंतर जेवताना त्यांनी आजोबांना घेरलंच. मला असं बोलणं हवंय.

तुम्हाला काय वाटतं? कोणी सुचवणार असाल तर सांगा.

अलिबागचा_पोर
ताई, मी ज्यू नाही पण अलिबागचा आहे, इस्रायल आळीच्या जवळच लहानाचा मोठा झालो त्यामुळे तुमचं वाचून राहवलं नाही. आमच्या आजीच्या मैत्रिणी होत्या त्या आळीत, सणाला ताटं यायची-जायची, नंतर एकेक घर इस्रायलला गेलं आणि कुलपं लागली. नवगावला समुद्राजवळ तुमच्या पूर्वजांचं स्मारक आहे तिथेही आम्ही शाळेत असताना गेलोय. गलबत फुटलं आणि सात बायका सात पुरुष वाचले, बाकीच्यांना तिथेच पुरलं, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे.

तुमच्या म्हणण्याला माझा फुल सपोर्ट. आणि एक विचारायचं होतं, आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाला या जेवणाला येता येतं का?

पेणकर_लेक
येता येतं म्हणजे काय, यायलाच हवं. शेजारी-पाजारी दरवर्षी असतातच. तुम्हाला आळीतल्या आठवणी सांगायला पाच मिनिटं दिली तर बोलाल का, हे आत्तापासून विचारून ठेवते.

अश्दोद_मराठी
शालोम आणि नमस्कार. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इकडे इस्रायलला आलो, आता नातवंडं आहेत. आमच्याकडे दिमोना, लोद, रामले, बीरशेबा सगळीकडे आपली माणसं, मायबोली नावाचं मराठी त्रैमासिकसुद्धा इथून निघत आलंय, पण नातवंडं हिब्रूच बोलतात, मराठी समजतं थोडं.

मला सुचवायचंय ते वेगळं आहे. ६० च्या दशकात इथे जे झालं ते भारतातल्या आपल्या पोरांना माहीतच नाही. आपली माणसं मोठ्या आशेने इकडे आली आणि मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कचेरीने सांगितलं की यांच्याशी लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी कोण होती ते तपासा. म्हणजे दोन हजार वर्षं शब्बाथ (शनिवारचा विसावा) पाळला, सुंता केली, शेमा (आपली मुख्य प्रार्थना) म्हटला, आणि इथे येऊन तुम्ही खरे ज्यू का म्हणून प्रश्न. तेव्हा आपले लोक जेरुसलेमला ठिय्या देऊन बसले, बायका नऊवारी-पाचवारी साड्यांत, कडेवर पोरं. बहुतेक सगळे कारखान्यात नाहीतर बांधकामावर रोजाने काम करणारे, एक दिवस बुडाला तरी चूल अडणारे. तरी हटले नाहीत. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने आणि क्नेसेटने म्हणजे इथल्या संसदेने स्पष्ट सांगितलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच, आणि मग रब्बींनाही तो हुकूम बदलावा लागला.

त्या ठिय्यात बसलेल्या माझ्या एक मावशी आहेत, दिमोनाला असतात, डिसेंबरात भारतात येणार आहेत. वय झालंय पण आवाज खणखणीत. त्यांना बोलवा. दगड फेकले नाहीत, शिवी दिली नाही, नुसतं बसून राहिलो असं त्या सांगतात, आणि हे आम्ही भारतातून शिकून आलो होतो असंही सांगतात.

पेणकर_लेक
काका, अंगावर काटा आला वाचून. मावशींचं नक्की धरते. त्या मराठीतच बोलतील ना?

अश्दोद_मराठी
मराठीशिवाय त्यांना करमतच नाही. चौलकडची मराठी आहे, मुंबईची नाही.

आयटीवाला_३०
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग नसावा. मी स्वतः या जेवणाला कॉलेजात असल्यापासून येतोय. दरवेळी जुन्या आठवणी, जुनं गाव, जुना घाणा. ऐकायला छान वाटतं पण घरी जाताना माझ्या वयाच्या मुलांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो की इथे राहायचं का तिकडे जायचं. आता पूर्ण भारतात आपण चार-पाच हजार उरलोय, १९५० च्या आसपास वीस हजाराच्या वर होतो. लग्नाला स्थळ मिळत नाही, मिनयान (प्रार्थनेचे दहा पुरुष) जमत नाही. याच्यावर कोणी बोलेल का? शिवाय आपल्यातल्या लोकांनी इथे काय काय केलंय हे तरी मुलांना कळू दे. डॉ. जेरुशा झिराड, लंडनला जाऊन एमडी करून आल्या, कामा हॉस्पिटल चालवलं, १९६६ ला पद्मश्री. डॉ. ई. मोझेस १९३७ ला मुंबईचे महापौर, आपण त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज जातो आणि कोण ते माहीत नाही. नौदलातले व्हाइस अ‍ॅडमिरल सॅमसन. कवी निस्सीम इझिकेल. सिनेमातले डेव्हिड, म्हणजे चेऊलकर. गांधीजींच्या उपासात त्यांची तब्येत बघणारे डॉ. एरुळकर. मला वाटतं एखादी आजची डॉक्टर, एखादा फौजी, असं कोणी बोलवावं जे सांगेल की इथे राहूनही खूप करता येतं.

पेणकर_लेक
राग कसला, बरोबर बोलतोयस. राहायचं की जायचं हा प्रश्न माझ्या घरातही जेवणाच्या टेबलावर असतो, माझा मोठा तिकडे जायचं म्हणतो, धाकटी नाही म्हणते. पण दादा, मला असं वाटतं की यशस्वी माणूस स्टेजवर येऊन मी असं केलं मी तसं केलं सांगतो ना, तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. त्यापेक्षा असं करू, तू ही जी नावं घेतलीस ती पोरांनाच वाटून देऊ. एकाने झिराड बाई, एकाने मोझेस, एकाने सॅमसन. घरी जाऊन शोधा, आज्जीला विचारा, आणि पाच-पाच मिनिटं तुम्हीच बोला. झिराड बाईंच्या हातून जन्मलेल्यांची कुटुंबं आजही आहेत मुंबईत, कोणाच्या तरी घरात काहीतरी निघेलच.

आयटीवाला_३०
हे चालेल. पोरांना मी गोळा करतो. पण राहायचं-जायचं यावर पण वेळ ठेवा, प्लीज, नुसतं कौतुक नको.

जुनी_कागदपत्रं
चर्चा वाचतोय आणि एक गोष्ट राहून राहून वाटतेय की समाजाने एकत्र जमून भाषणं ऐकायची ही पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१७ ला बेने इस्रायल कॉन्फरन्स सुरू झाली, गावोगावचे लोक यायचे, मुलींचं शिक्षण, नोकऱ्या, लग्नातला खर्च यावर कडाडून चर्चा व्हायची. त्याच सुमाराला रिबेका रूबेन बाई समाजाचा वार्षिक अंक काढत होत्या. म्हणजे आयटीवाला_३० म्हणतात तसे अवघड प्रश्न तेव्हाही व्यासपीठावर घेतले जात होते, ते घ्यायला आपण का कचरतो कळत नाही.

त्याच्याही आधी हाईम सॅम्युएल केहिमकर. १८७५ ला मुंबईत इस्रायली शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी शाळा झाली. समाजाचा इतिहास लिहून १८९७ ला पुरा केला पण छापून आला १९३७ ला, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं आणि तोवर ते गेलेही होते. मला वक्त्यांमध्ये यांच्याबद्दल कोणीतरी बोललेलं आवडेल, कारण आज आपल्याला आपल्याबद्दल जे माहीत आहे त्यातलं कितीतरी त्या माणसाने घरोघरी विचारून लिहून ठेवलं म्हणून माहीत आहे.

आणि भाषणच कशाला? कीर्तन ठेवा ना. १८८० च्या सुमारापासून आपल्याकडे कीर्तनं होत होती, अब्राहामाचं आख्यान, योसेफाचं आख्यान, मोशेचं, ओव्या, साक्या, दिंड्या, पेटी-तबला सगळं आपल्या मराठी कीर्तनासारखंच. हिब्रू येत नव्हतं तेव्हा बायकांना, पोरांना धर्म कळला तो त्या कीर्तनातून.

ठाण्याची_सून
कीर्तनाला माझं मत. माझ्या सासूबाई अजून एलियाहू हन्नाबीची (एलिया संदेष्ट्याची) मराठी गाणी म्हणतात, त्यांच्या बरोबर अजून दोघी-तिघी आहेत, वही आहे त्यांच्याकडे हाताने लिहिलेली. स्टेजवर यायला लाजतात पण खाली सतरंजी घातली तर बसतील.

पेणकर_लेक
सतरंजीच घालू. स्टेज नको मग कोणालाच.

अलिबागचा_पोर
ताई जेवणाचं काय असतं तेही लिहा की. आणि कोशर कोशर म्हणतात ते नक्की काय, आमच्याकडे नुसतं डुक्कर नाही एवढंच माहीत.

स्वयंपाकवाली_मावशी
हे मी सांगते, जेवण माझ्याकडे असतं. डुक्कर नाही हे तर आहेच. मासळीत खवले आणि पर दोन्ही असलेलीच चालते, म्हणजे रावस, पापलेट, बांगडा चालेल, कोळंबी, खेकडा, शिंपल्या, मुशी, वाम हे नाही. कोकणात किनाऱ्यावर राहून कोळंबी न खाणं म्हणजे काय ते तुम्हा अलिबागकरांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे सांगतात ना, डेव्हिड राहाबी म्हणून जे ज्यू बाहेरून आले त्यांनी आपल्या बायकांपुढे टोपलीभर मासळी ठेवली, बायकांनी बिनखवल्याची बाजूला काढली आणि त्यांना कळलं की हे आपलेच.

मटण-कोंबडी आपल्याच माणसाने, ज्याला शास्त्र येतं त्याने कापलेली लागते. मग मटण अर्धा तास पाण्यात, नंतर मीठ लावून तासभर उताराला, म्हणजे रक्त सगळं निथळलं पाहिजे, मग तीन पाण्यांनी धुवायचं. शंभर-सव्वाशे पानांचं मटण असलं की हे सगळं पहाटे चारला सुरू होतं, परातीच्या पराती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मांसाबरोबर दूध नाही. दही नाही, तूप नाही, लोणी नाही. म्हणून आमची सगळी आमटी नारळाच्या दुधातली, हिरव्या वाटणाचं मटण, कोथिंबीर मिरची आलं लसूण आणि वरून नारळाचं घट्ट दूध. जेवण झाल्यावर आईस्क्रीम, कुल्फी, दुधाचा चहा काही नाही. दरवर्षी नवीन पाहुण्यांना हे सांगावं लागतं. चहा काळा मिळेल, गवती चहा घालून.

गोड म्हणजे चिकाचा हलवा. खरा तो रोश हाशानाचा, म्हणजे आपल्या नव्याच्या सणाचा, पण या जेवणाला लोक मागतातच. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि मग साखर आणि नारळाचं दूध घालून ढवळत राहायचं. हात सोडला की खाली लागतं. हल्ली चायना ग्रास घालून झटपट करतात, तो मला मान्य नाही. यंदा ढवळायला चार जण हवेत, आत्ताच नावं द्या.

वाचते_फक्त
शाकाहारींसाठी काही असतं का मावशी? मी यायचं म्हणतेय, मैत्रीण नेणार आहे.

स्वयंपाकवाली_मावशी
असतं गं. वालाचं बिरडं, भात, बटाट्याची भाजी, घाऱ्या. आणि सगळ्यात आधी मलिद्याचं ताट येतं ते सगळ्यांनाच, गोड पोहे, ओला नारळ, वेलची, सुकामेवा, बाजूने पाच प्रकारची फळं, खजूर, आणि वास घ्यायला सब्जाची डहाळी. फळाला वेगळी बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना), जमिनीतून येणाऱ्याला वेगळी, सुवासाला वेगळी. एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन मग वाटायचं. काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत पण असतं, त्याच्यावर किद्दुश (पेला हातात घेऊन म्हणायची सणाची प्रार्थना) करतो आम्ही.

जुनी_कागदपत्रं
मावशींच्या यादीत एक भर घालतो. हनुक्का आपल्या जुन्या सणांत नव्हता, तो नंतर बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर कळला. आपले जुने म्हणजे नव्याचा सण, दारफाळणीचा सण (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास), बिरड्याचा सण (जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास), अनाशी धाकाचा सण (पासोव्हर, मिसरमधून सुटल्याचा). त्यामुळे हनुक्काचे दिवे लावून पुढ्यात मलिदा, हे दृश्य फक्त आपल्याकडचंच. पुण्याला १८७४ ला छापलेल्या हग्गादात (पासोव्हरच्या रात्री वाचायची पोथी) तर चित्रातल्या बायका लुगड्यात आहेत, मात्सा (बिनखमिराच्या पोळ्या) करतायत. कोणाच्या घरी तिची प्रत असेल तर जेवणाच्या दिवशी आणा, काचेखाली ठेवू.

पुणे_रास्तापेठ
मला एक अडचण दिसतेय, भाषेची. आम्ही पुण्याहून दहा-बारा जण येऊ, आमची पोरं इंग्लिश मीडियमची. दिल्ली-अहमदाबादचे पाहुणे असतात त्यांना मराठी अर्धवट कळतं. इस्रायलहून आलेल्या पोरांना तर हिब्रूच. तुम्ही सगळं मराठीत ठेवणार म्हणताय, मग निम्मा हॉल नुसता बसून राहील. मागे एकदा असं झालंय, मागच्या निम्म्या लोकांनी गप्पा मारल्या आणि बोलणाऱ्या बाई मध्येच थांबल्या, बघवलं नाही.

पेणकर_लेक
हा खरा प्रश्न आहे आणि मी तीन दिवस यावरच विचार करतेय. इंग्लिशमध्ये ठेवलं तर मशीद सांभाळणारे कोकणातले काका आणि दिमोनाच्या मावशी दोघंही अडखळतील, जे सांगायचं ते पोटातून येणार नाही. म्हणून बोलणं मराठीतच. पण टेबलं अशी लावू की प्रत्येक टेबलावर एक तरी दोन भाषा येणारा बसेल, आणि दर पाच-सात मिनिटांनी बोलणारे थांबतील, टेबलावर सांगून होईल, मग पुढे. वेळ जास्त लागेल, लागू दे. त्यासाठी वक्ते तीनच, प्रत्येकी वीस मिनिटं, आणि भाषणं सगळी जेवणाआधी. जेवणानंतर कोणी ऐकत नाही, हे मान्य करूया.

अश्दोद_मराठी
हिब्रूचं टेबल माझ्याकडे द्या. मी येतोय मावशींबरोबर.

पुणे_रास्तापेठ
मग ठीक आहे. इंग्लिशचं आम्ही बघतो, माझी मुलगी छान करते.

आयटीवाला_३०
आणि राहायचं-जायचं?

पेणकर_लेक
विसरले नाही. तिसरा वक्ता त्याच्यासाठीच ठेवतेय. समाजातली एक मुलगी आहे, नर्सिंग करून इस्रायलला गेली, चार वर्षं तिकडे काम करून परत आली आणि आता मुंबईत आहे. तिने दोन्ही बघितलंय. तिला म्हटलं, जा म्हणू नकोस, राहा पण म्हणू नकोस, तुझं काय झालं तेवढं सांग. तिकडे शब्बाथला अख्खं गाव शांत असतं ते बघून रडू आलं होतं म्हणाली, आणि परत का आली तेही सांगेन म्हणाली, तयार आहे. तिच्यानंतर अर्धा तास पोरांना प्रश्न विचारायला मोकळा. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, ही माझी अट आहे आणि ती मी हॉलमध्ये सुरुवातीलाच सांगणार आहे.

तर असं ठरतंय. सूर्य मावळला की दिवे, मग मलिदा, सासूबाई आणि मैत्रिणींची गाणी, मग कोकणातले काका, दिमोनाच्या मावशी, ही मुलगी, पोरांचे प्रश्न, मग जेवण. पोरांची पाच-पाच मिनिटं जेवण वाढेपर्यंत. कीर्तनाचं पूर्ण आख्यान एवढ्यात बसणार नाही, ते आपण सिम्हाथ तोराला (तोरा वाचून पुरा झाल्याचा सण) वेगळं करू, मला ते घाईत उरकायचं नाहीये.

ठाण्याची_सून
सासूबाई हो म्हणाल्या. फक्त पेटी वाजवणारं कोणी हवं.

अलिबागचा_पोर
पेटी मी वाजवतो, भजनात वाजवायचो गावाला. चाली आधी ऐकवा मात्र. आणि ताई, ते कोकणातले काका एकटे येणार का? रात्री जेवण आटपेपर्यंत मांडव्याची शेवटची बोट गेलेली असते, एसटीने त्या वयात परत जाणं काही खरं नाही.

पेणकर_लेक
तेच बघतेय. काका म्हणतायत रात्री थांबणार नाही, सकाळी जाऊन दार उघडायचं असतं, कोणी बघायला आलं तर बंद नको दिसायला. मी म्हटलं एक दिवस बंद राहिलं तर चालेल, पण ऐकत नाहीयेत.

अलिबागचा_पोर
मग त्यांना सांगा माझा भाऊ अलिबागलाच असतो, त्या सकाळी तो जाऊन दार उघडून बसेल, काका येईपर्यंत. किल्ली आदल्या दिवशी घेऊन ठेवेल. काकांना मी ठाण्याहून दुसऱ्या दिवशी गाडीने सोडतो.

पेणकर_लेक
विचारते त्यांना. भावाचा नंबर मला मेसेजमध्ये पाठवा, इथे नको.

स्वयंपाकवाली_मावशी
हलव्याला अजून दोघंच झालेत. चार हवेत म्हटलं होतं.